पद्मिनीच्या काचा उतरवल्या: रंगाआधीच्या नोंदी

शनिवार, ४ मे २०२४

शेवटी ठरलं, गाडी रंगवायची. गाडी म्हणजे बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या गेटच्या आत गेली कित्येक वर्षं कव्हर घालून उभी असते, महिन्यातून दोनदा बाबा स्टार्ट करतात आणि दत्ताच्या देवळापर्यंत नेऊन आणतात. इंजिन १०८९ सीसीचं, ते अजून शहाण्यासारखं चालतं. बाहेरून मात्र बोनेटवर रंगाला भेगा, छत पांढुरकं पडलेलं आणि पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराजवळ फुगे आलेत. त्या फुग्यांची मला भीती आहे.

नवलख्याच्या बाजूला एक पेंटर आहे, सगळे त्याला उस्तादच म्हणतात, तो सकाळी येऊन बघून गेला. मी म्हणलं काचा, रबरं, पट्ट्या सगळं काढून मगच रंग मारायचा. तो हसायलाच लागला, "अरे भिया, कांच काय को निकाल रिये हो, टेप लगा के मार देंगे, दो दिन का काम हे." बाबांना लगेच पटलं, कारण १९९९ साली असंच मारलं होतं. आणि माझं म्हणणं नेमकं हेच की १९९९ साली असंच मारलं होतं म्हणूनच हे फुगे आलेत. टेप लावून मारलं की रंगाचा थर पत्र्यावरून रबराच्या कडेवर चढतो, रबर उन्हात हलतं, पत्रा हलत नाही, मग बरोबर त्या रेषेवर रंगाला केसाएवढी चीर जाते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. उस्ताद म्हणाला ठीक आहे, तुम्ही काढून आणा, मला उघडी गाडी द्या, पण काच फुटली तर माझ्याकडे बघायचं नाही. झालं. काढायचं काम माझ्या गळ्यात.

रंग तोच ठेवणार, निळा. रंग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला जातो तेवढं दर्शन मला पुरे आहे.

रविवार, ५ मे

सकाळी पोहे खाऊन सातला सुरुवात केली, अकरानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. मुलगी सातवीत गेलीय, सुट्टी आहे, तिला फोटो आणि पिशव्यांचं खातं दिलं. नियम असा की जो स्क्रू जिथून निघाला तो त्याच वस्तूबरोबर एका पिशवीत, पिशवीवर मार्करने लिहायचं "डावा पुढचा दरवाजा, हँडल, २ स्क्रू" असं पूर्ण, आणि काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक. तिने स्वतःहून एक वहीही घातली. माझ्यापेक्षा तिचं अक्षर बरं आहे.

आज बाहेरचं सगळं, म्हणजे बंपर, ग्रिल, हेडलाइटच्या रिंगा, मागचे दिवे, वायपरचे हात, बाजूच्या लांब पट्ट्या. बंपरच्या बोल्टांना काल रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी दोन तुटले. तुटू देत, ते नवे मिळतात.

बाजूच्या पट्ट्यांना मात्र घाई चालत नाही. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, म्हणजे एकतर अॅल्युमिनियम नाहीतर स्टेनलेस, वजनावरून अॅल्युमिनियमच. ही पट्टी आत क्लिपांवर बसलेली असते आणि स्क्रू ड्रायव्हर घालून एका टोकाला जोर दिला की मधेच मोडपते, एकदा मोडपली की कितीही ठोका ती सुरकुती ऊन पडलं की दिसणारच. पहिल्या पट्टीला मी तेच केलं. मग स्वयंपाकघरातून आईचं लाकडी उलथणं आणलं, पातळ बाजू पट्टीखाली सरकवायची, प्रत्येक क्लिपपाशी थोडं थोडं उचलायचं, एका क्लिपला पूर्ण काढायचं नाही, सगळ्या अर्ध्या अर्ध्या सोडवत जायचं. उरलेल्या तिन्ही सरळ निघाल्या. आईला संध्याकाळी कळलं. आता ते उलथणं गाडीचंच झालंय.

डिकीवरच्या नावाच्या अक्षरांना मागून पिना आहेत, त्या पत्र्यातल्या भोकात घट्ट बसतात. बाहेरून उचकटलं तर अक्षराचा पाय तुटतो. डिकी उघडून आतून तेल मारलं, अर्धा तास थांबलो, मग आतूनच पिनेच्या टोकावर बारीक पंच ठेवून टिचकी मारल्यासारखं ठोकलं. दुसरं एक स्टिकर चिकटवलेलं होतं कुठल्या तरी क्लबचं, त्याला बायकोचा हेअर ड्रायर आणि दाताचा फ्लॉस करवतीसारखा मागून ओढला, निघालं.

मंगळवार, ७ मे

संध्याकाळी ऑफिसनंतर तासभर. पुढच्या-मागच्या काचांची नवी रबरं मागवली. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक ओळखीचा दुकानदार आहे, त्याला फोन केला, तो म्हणाला आहेत अजून, पण आता घेऊन ठेवा. खरं आहे त्याचं. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, २००० च्या आसपास बनणं थांबलं, तरी इतकी वर्षं सुटे भाग सहज मिळायचे ते काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या जिवावर, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी मागच्या ऑक्टोबरात बंद झाली. आता कोण कशाला रबर ओतेल.

शुक्रवार, १० मे

अक्षय्य तृतीया. आमरस, झोप. काम नाही.

शनिवार, ११ मे

मागची काच. मुद्दाम आधी मागची घेतली, शिकायचं तर हिच्यावर, पुढची महाग.

गाडी सकाळपासून उन्हात ठेवली होती. लोक म्हणतात मे महिन्यात असलं काम कशाला, पण रबर गरम असेल तेवढं बरं, थंडीत हेच रबर लाकूड होतं. दुपारी चारला सुरुवात. आधी रबरात बसवलेली चकचकीत पट्टी काढायची, तिच्या मधल्या जोडावर एक छोटी क्लिप असते ती बाजूला सरकवली की टोक सापडतं. मग मी जुनं रबर वाचवायचा प्रयत्न केला, नवं येतंय हे माहीत असून. लोभ, दुसरं काय. साबणाचं पाणी सोडून आतली ओठी, म्हणजे रबराची पत्र्यावर चढलेली कड, उलथण्याने पत्र्यावरून उलटवत गेलो, एक कोपरा झाला, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत येईतो पहिला परत बसला. दोन तास गेले. रबराचे तुकडे हातात यायला लागले, भाजलेल्या पापडासारखे. बाबा खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "अरे ते मेलंय, काप आता."

कापलं. ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेरची ओठी काचेच्या कडेने चारी बाजूंनी कापून काढली की काचेची कड उघडी पडते आणि मग काच आतून तळहाताने ढकलली तरी येते. दोन तासांचं काम वीस मिनिटांचं झालं. एक सांभाळायचं, आमच्या गाडीत छताचं कापड वरच्या बाजूला रबराखाली चिकटवलेलं आहे, तिथे ब्लेड खोल गेलं तर कापड कापलं जाईल.

मागची काच टफन्ड आहे, कोपऱ्यातल्या शिक्क्यावर लिहिलेलं असतं, आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं तर तिच्यावर ठिपके ठिपके दिसतात, मुलीला ते दाखवलं तर ती तासभर सोसायटीतल्या सगळ्या गाड्या बघत फिरली. टफन्ड काच मधोमध गुद्दा सोसते पण कडेला खडा लागला की एका क्षणात सगळीच्या सगळी चुरा. म्हणून काढल्या काढल्या खाली सिमेंटवर टेकवायची नाही, गादी आधीच घालून ठेवायची. आणि आडवी नाही, उभी. आमच्या बेडरूममध्ये कपाट आणि भिंत यांच्यामधे जुनी गादी दुमडून त्यात उभी केलीय. बायकोने बघितलं आणि काही बोलली नाही, ते जास्त वाईट असतं.

आता खरी गोष्ट. रबर निघाल्यावर खाली पत्र्याची बोटभर रुंद पट्टी उघडी पडली आणि तिच्यावर रंग होता तो गाडीच्या रंगापेक्षा वेगळाच. गाडी आत्ता जरा गडद, राखाडीकडे झुकणारी निळी दिसते. खाली निघाला तो स्वच्छ फिकट आकाशी, कारखान्यातला, ज्याला अडतीस वर्षांत ऊन लागलेलंच नाही. बाबा उठून आले, चष्मा वर करून जवळून बघत राहिले. म्हणाले, "हाच. मी त्या पेंटरला तेव्हाच म्हणत होतो की तू गडद मारतोयस, तो म्हणाला वाळल्यावर फिकट होईल." पंचवीस वर्षं झाली, अजून व्हायचाय.

उस्तादने शेड छतावरून जुळवायची म्हणून सांगितलं होतं. आता नाही. ही पट्टी पुसून, फोटो काढून, वर सेलोटेप लावून ठेवलीय. शेड इथूनच.

रविवार, १२ मे

पुढची काच. ही लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर, फुटली तर चुरा होत नाही पण कडेपासून चीर धावते आणि मग ती काच गेलीच. आज लोभ बाजूला ठेवून सरळ ब्लेड. बाहेरची ओठी काढली, मग आत पुढच्या सीटवर आडवा झालो, पायात जाड मोजे, दोन्ही तळवे वरच्या दोन कोपऱ्यांजवळ, आणि दाबत राहिलो. लाथ मारायची नाही, नुसतं दाबत राहायचं आणि वाट बघायची. बाहेर शेजारचा मुलगा आणि बायको काच धरायला. आधी काहीच नाही, मग डाव्या कोपऱ्यातून चुईईक असा आवाज आला, वरची कड बाहेर गेली आणि बाकीची मागोमाग. काच वाटते त्यापेक्षा जड असते, दोघं लागतातच.

आणि खाली, वरून कीर्तन आतून तमाशा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत फ्रेमचा पत्रा नाहीच, तिथे करड्या रंगाचं काहीतरी भरलेलं. टोच्याने टोचलं तर एम-सील. त्याच्या मागे गंजाचे पापुद्रे, ते खरवडले तर उजव्या कोपऱ्यातून माझी करंगळी आरपार डॅशबोर्डच्या खाली. पावसाळ्यात पुढची पायपुसणी ओली व्हायची आणि आम्ही दरवर्षी दरवाज्याच्या रबराला दोष द्यायचो. बाबांना विचारलं एम-सील कोणी भरलं. "मीच. गळत होतं." केव्हा? "२००३-०४ असेल." मग रबर न काढता आत भरलं कसं? तर रबराची ओठी चमच्याने उचलून. चमचा कुठला हे विचारलं नाही, आई तिथेच होती.

त्यांच्यावर राग नाही. गळतं तिथे भरायचं हे कोणालाही सुचेल. पण पाणी वरून येत होतं, १९९९ च्या रंगाच्या चिरेतून, सगळी कड रबराखालून ओली होत होती आणि जमायची सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. एम-सीलने खालची वाट बंद केली, म्हणजे पाण्याला जी काय बाहेर पडायची जागा होती तीही गेली. रबराची वरची कड बघितली तर रंगाचा थर अजून तिच्यावर चिकटलेला, बरोबर चिरेची रेषा चारी बाजूंनी. फोटो काढून उस्तादला पाठवले. त्याचं उत्तर आलं: अंगठा.

सोमवार, १३ मे

सकाळी मतदान करून आलो, मी, बायको, आई, बाबा, गाडीला काच नाही म्हणून रिक्षाने. सुट्टी होती म्हणून दरवाज्यांना सुरुवात.

काच चढवायच्या हँडलमागे यू आकाराची स्प्रिंगची क्लिप आहे. ती काढायला खास हत्यार मिळतं म्हणे, मी जुन्या बनियनची पट्टी फाडून हँडल आणि चकतीच्या मधे घातली आणि बूट पॉलिश केल्यासारखी दोन्ही हातांनी इकडून तिकडे घासली, धाग्यात क्लिपचं टोक अडकतं आणि ती उडते. उडते म्हणजे खरंच उडते. पहिली सापडलीच नाही. दुसऱ्या वेळी मुलगी चादर धरून उभी राहिली. चौथ्या दरवाज्याचं हँडल कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं निघालं, स्क्रूवालं, आणि एवढी वर्षं कोणाला पत्ता नाही.

मग हार्डबोर्डवर रेक्झिन लावलेलं पॅनल. क्लिपा भोकांत बसवलेल्या असतात, त्यांच्या अगदी जवळच उलथणं घालायचं, नाहीतर हार्डबोर्ड ओलीने मऊ झालेला असतो, क्लिप दरवाज्यावर राहते आणि बोर्डाचा तुकडा क्लिपवर. माझी तीन भोकं गेली. आतून प्लायवूडची चकती चिकटवून दुरुस्त होईल.

शनिवार, १८ मे

दरवाज्याच्या काचा. काच अर्धी खाली घ्यायची, खालच्या चॅनेलमधून उचलणाऱ्या हाताचं टोक बाजूला सरकवून सोडवायचं, मग काच तिरकी करून वरच्या फटीतून बाहेर. कमरेच्या रबरी पट्ट्या आधी काढल्या तर फट रुंद होते, मी एक दरवाजा झाल्यावर शहाणा झालो.

काचांच्या खालच्या चार बोटांवर, जो भाग नेहमी दरवाज्यात लपलेला असतो, काळ्या फिल्मचा गोंद अजून आहे. बाबांनी गाडीला गडद फिल्म लावली होती, २०१२ साली सुप्रीम कोर्टाने फिल्मवर बंदी घातली तेव्हा चौकात पोलिसाने उभं केलं आणि तिथेच नखाने काढली. नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्यांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असं आहे, पण त्या निकालाप्रमाणे तो काचेचाच स्वतःचा, वरून फिल्म चिकटवून नाही. आता गोंद ब्लेडने काढता येईल, काच हातात असल्यावर सोपं.

मागचा डावा दरवाजा. या दरवाज्याचा खालचा भाग बाहेरून फुगलाय, बाकी तिघांचा नाही. कारण कळत नव्हतं. आत टॉर्च मारला तर तळाशी चिखलाचा थर, चमच्याने (माझा, गाडीचा) उकरायला लागलो तर चिखलात खडीसाखरेसारखे खडे, कडांना हिरवट झाक. काचेचे तुकडे. मूठभर नाही, चांगली वाटीभर. दरवाज्याच्या तळाला पाणी जायच्या फटी असतात, खिडकीच्या पट्टीतून थोडं पाणी आत येतंच, ते या फटींतून खाली जाणार अशी रचनाच असते. या दरवाज्यात तिन्ही फटी काचेच्या खड्यांनी आणि त्यावर साचलेल्या मातीने गच्च बुजलेल्या. म्हणजे दरवाज्यात वर्षानुवर्षं डबकं.

आणि ती काच कोणी फोडली ते मला माहीत होतं. १९९३, मी अकरा वर्षांचा, घरामागच्या मैदानावरून मारलेला शॉट. तेव्हा मी सांगितलं होतं की गाय गेली जवळून. गॅरेजवाल्याने नवी काच टाकली आणि जुनीचे तुकडे दरवाज्यातच सोडून दिले, पाच मिनिटांचं काम होतं ते बाहेर काढणं, त्याने केलं नाही.

मी वाटी घेऊन बाबांना दाखवली. म्हणलं बघा, जुनी काच. त्यांनी एक खडा उचलून बघितला, परत टाकला. "गाईची ना?" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. एकतीस वर्षं मला वाटत होतं की पचलं.

रविवार, १९ मे

पुढच्या दरवाज्यांच्या छोट्या तिकोनी काचा, ज्यांना सगळे क्वार्टर ग्लास म्हणतात. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि लिहिण्यासारखं सगळ्यात कमी. उजवीचा खालचा पिव्हट, म्हणजे ती काच ज्यावर फिरते तो खिळा, मोकळा होता. डावीचा स्क्रू गंजून एकजीव झालेला, तेल दोन दिवस, मग गरम करून बघितलं पण काच जवळ असल्यामुळे फार गरम करता येत नाही, शेवटी डोकं तुटलं, ड्रिल करून काढला. काच वाचली. दोन्ही फ्रेमचं क्रोम ठिपक्या ठिपक्यांनी गेलंय, निकलवाल्याकडे द्यावं लागेल.

शनिवार, २५ मे

आजपासून नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. सकाळी साडेपाचला गाडी उस्तादकडे नेली. टो करायचं बघितलं होतं पण बाबा म्हणाले चालू गाडी दोरीने ओढत नेणार का, मग मीच चालवली, पाच-सात किलोमीटर, रस्ते रिकामे, सावकाश. पुढे काच नाही, बाजूला काच नाही, मी मुलीचा पोहायचा गॉगल लावलेला, बाबा शेजारी टोपी दाबून. सफाईच्या गाड्या निघाल्या होत्या, झाडणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. राजीव गांधी चौकात एक किडा कपाळावर आदळला, गारेसारखा लागला.

उस्तादने उघड्या फ्रेमभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोपऱ्यातलं भोक बघितलं, त्यात बोट घातलं. मग त्याच्या पोराला हाक मारून दाखवलं, "देख, ये टेप के नीचे रे जाता." माझ्याकडे बघितलं नाही. चालेल.

ठरलं ते असं: दोन्ही कोपरे कापून नवा पत्रा वेल्ड, मागच्या डाव्या दरवाज्याच्या तळालाही ठिगळ, भोकांवर पुट्टी नाही, पुट्टी फक्त वेल्ड घासल्यावर वरून पातळ. फ्रेमची खाच आतपर्यंत एपॉक्सी प्रायमर आणि रंगाचा पूर्ण थर, जिथे रबर बसणार तिथेसुद्धा. रंग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन. या उन्हात नेहमीचा थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा होऊन खरखरीत बसतो, म्हणून तो सावकाश वाळणारा थिनर वापरणार आणि वरचे हात पहाटे मारणार. सेलोटेपखालची आकाशी पट्टी मी स्वतः दाखवली. त्याने छताकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, "ये तो अलग गाडी हे भिया." बाबा म्हणाले, हीच गाडी आहे.

रविवार, २६ मे

घरी गाडी नाही, जागा मोठी वाटतेय. मोजणी केली: ४३ पिशव्या, ८ काचा पकडून सगळ्या शाबूत, १ क्लिप हरवलेली, १ पट्टी मोडपलेली, ३ बोल्ट तुटलेले, आणि २ स्क्रू असे आहेत की जे वहीत नाहीत, फोटोत नाहीत, मुलगी म्हणते ते तुझ्या खिशातून पडले.

रबरं कुर्ल्याहून आली. वास येतोय अजून, नवं आहे. एक मीटरभर तुकडा वाकवून बघितला, चीर नाही. उन्हात सरळ करायला ठेवलं तर आईने वाळवण समजून वर जाळी टाकली.

परत बसवताना रबर आधी काचेवर चढवायचं, आतल्या खाचेत चारी बाजूंनी सुतळीपेक्षा जरा जाड नायलॉन दोरी घालायची, दोन्ही टोकं खालच्या बाजूला आत लोंबती ठेवायची, बाहेरून कोणीतरी काच दाबायची आणि आतून दोरी ओढत जायची म्हणजे ओठी पत्र्यावर आपोआप चढत जाते. दोरी सियागंजहून सहा मीटर आणली, मागच्या-पुढच्या दोन्हींना पुरेल. शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय.

उद्या संध्याकाळी काचांच्या कडांवरचं जुनं चिकट काढायचं, ब्लेड संपलेत.